घरगुती ब्रॉडबँडवरील सामायिक पत्ता : पार्श्वभूमी

गोव्यात फायबर वाड्यावाड्यांपर्यंत पोचल्यापासून एक तक्रार वरचेवर कानावर येते. सत्तरी किंवा केपे तालुक्यातल्या बंद घरात कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर बसवला, राउटरमध्ये बाहेरच्या जोडणीसाठीचे क्रमांकित दार, म्हणजे पोर्टही उघडला, तरी जहाजावर नोकरीला असलेल्या मुलाला घराचे चित्र दिसत नाही. बहुतेक वेळा दोष राउटरचा नसतो. सेवादात्याने तेथे दिलेला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर यंत्र ओळखण्याचा क्रमांकच, बाहेरून पोचण्याजोगा नसतो.

इंटरनेटच्या पत्त्यांच्या १९८१ च्या आराखड्यात (आयपीव्ही४) सुमारे ४२९ कोटी पत्ते होते. ते पुरणार नाहीत हे ध्यानात आल्यावर १९९४ मध्ये एका पत्त्यामागे अनेक यंत्रे ठेवण्याची पद्धत तात्पुरता उपाय म्हणून मांडली गेली. तरीही प्रत्येक घराच्या राउटरला स्वतःचा सार्वजनिक, म्हणजे इंटरनेटवरून थेट पोचता येणारा, पत्ता मिळत असे.

फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठा वाटून संपला आणि सेवादाते तीच युक्ती स्वतःच्या जाळ्यात वापरू लागले. त्यासाठी आतले पत्ते कोणते घ्यावेत, यावर मोठा वाद झाला. घरातले राउटर वापरतात तेच खाजगी (फक्त आतल्या जाळ्यात चालणारे) पत्ते घेतले, तर दोन्हींची टक्कर होण्याचा धोका होता. म्हणून एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचे ४१,९४,३०४ पत्ते या कामासाठी राखून ठेवण्यात आले. प्रत्येक सेवादात्याने उरलेल्या साठ्यातून वेगळा हिस्सा मागण्यापेक्षा सर्वांनी एकच पट्टा पुन्हा पुन्हा वापरावा, हे समर्थकांचे म्हणणे तर्काला धरून होते. यामुळे आयपीव्ही६ या कितीतरी अधिक पत्ते असलेल्या नव्या आराखड्याकडे वळण्याची निकड ओसरेल, हा विरोधकांचा आक्षेप होता, आणि प्रस्तुत लेखकाला तो अधिक वजनदार वाटतो. निर्णयाने सेवादात्यांची अडचण सुटली. पण घराकडे बाहेरून येणारी वाट बंद झाली आणि तिची किंमत ग्राहकाच्या माथी पडली. शिवाय एका पत्त्यामागे अनेक घरे आल्याने तपासाच्या वेळी नुसता पत्ता पुरत नाही. पोर्ट क्रमांक आणि नेमकी वेळही नोंदलेली असावी लागते.

तक्रार केली की ‘स्टॅटिक आयपी घ्या’ असे सांगितले जाते. या शब्दाने मोठा घोळ घातला आहे. स्टॅटिक म्हणजे न बदलणारा, तर ग्राहकाची खरी गरज असते ती सार्वजनिक पत्त्याची. तो रोज बदलला तरी बदलता पत्ता एका कायम नावाशी जोडून ठेवणाऱ्या डायनॅमिक डीएनएसने काम भागते. दोन्ही गोष्टी एकत्र बांधून विकल्या गेल्या, की न लागणाऱ्या स्थिरतेचेही पैसे मोजावे लागतात.

आयपीव्ही६ मध्ये घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. मात्र त्याचा उपयोग होण्यासाठी रेकॉर्डरला ते चालले पाहिजे, राउटरच्या फायरवॉलमध्ये (बाहेरून येणारी वाहतूक अडवणाऱ्या संरक्षणात) वाट मोकळी केलेली पाहिजे आणि जहाजावरच्या जोडणीवरही आयपीव्ही६ असले पाहिजे.