मुंबई–दिल्ली : हवाई अंतर आणि उड्डाणकाल

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ यांच्यातले सरळ हवाई अंतर सुमारे 1,140 किमी, म्हणजे साधारण 615 सागरी मैल भरते. पृथ्वीच्या गोलाईवरून जाणाऱ्या सर्वांत जवळच्या रेषेने ते मोजतात. डांगच्या जंगलावरून निघालेली ही रेषा झाबुआ आणि कोटा यांच्या जवळून जाते. राजधानी एक्सप्रेसचा लोहमार्ग 1,384 किमी लांब आहे, कारण तो आधी वडोदऱ्यापर्यंत उत्तरेला जातो आणि मग रतलामकडे वळतो.

ताशी 830 किमी वेगाने हे अंतर दीड तासाच्या आत संपायला हवे. वेळापत्रकात मात्र सव्वादोन तासांच्या आसपासचा वेळ दिलेला असतो. हा असतो ‘ब्लॉक टाइम’ : चाकांचे अडसर काढून विमान जागेवरून हलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा. प्रत्यक्ष हवेतला वेळ बहुधा पावणेदोन तासांच्या आतबाहेर राहतो. कनेक्टिंग फ्लाइट धरायची असेल तर ब्लॉक टाइमच धरावा. नुसत्या किलोमीटरवरून काढलेला वेळ फसवा ठरतो.

या मार्गावर जास्तीचा वेळ मुख्यतः दोन्ही टोकांना जातो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकीचाच उपयोग होतो आणि गर्दीच्या वेळी उड्डाणासाठी रांग लागते. मुख्य धावपट्टीवरून उड्डाण बहुतेकदा पश्चिमेकडे, समुद्रावर होते. उत्तरेचा मार्ग त्यानंतर धरला जातो. दिल्लीलाही बहुतेक दिवस पश्चिमेकडे तोंड करून उतरावे लागते, म्हणून दक्षिणेकडून आलेले विमान शहराच्या पूर्वेला वळसा घालून धावपट्टीच्या रेषेत येते. परतीच्या विमानाची गतही तीच. ते ठाणे-घाटकोपरच्या बाजूने मुंबईत उतरते. शिवाय 35,000 फुटांवरून उतरण्याची सुरुवात विमानतळाच्या जवळपास 200 किमी आधीच होते आणि तिथून वेग टप्प्याटप्प्याने कमी होत जातो.

जाणारी आणि येणारी विमाने वेगवेगळ्या उंचीवर ठेवतात. दिल्लीकडे जाताना 33,000, 35,000 असे विषम हजार फूट, तर मुंबईकडे येताना 34,000, 36,000 असे सम.

वाऱ्याचा परिणाम इथे मर्यादित आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, वाहतो. पण हा मार्ग बराचसा दक्षिणोत्तर असल्याने तो आडवा लागतो. मुंबई–कोलकाता मार्गावर त्याच वाऱ्यामुळे जाण्या-येण्याच्या वेळेत स्पष्ट फरक पडतो. दिल्लीच्या डिसेंबर-जानेवारीतल्या धुक्याचा फटका अधिक मोठा. दृश्यमानता घसरली की दिल्लीकडे निघणारी विमाने मुंबईतच जमिनीवर थांबवून ठेवतात, आणि आधीच हवेत असलेल्यांना घिरट्या घालाव्या लागतात किंवा जयपूरसारख्या विमानतळाकडे वळवले जाते. सकाळी लवकर दिल्लीत काम असणाऱ्यांनी त्या दोन महिन्यांत आदल्या दिवशी पोहोचलेले बरे.

1937 मध्ये टाटांच्या विमानसेवेने मुंबई–दिल्ली मार्ग सुरू केला, तेव्हा विमान इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर असे थांबे घेत जाई. आज हा देशातल्या सर्वाधिक वर्दळीच्या हवाई मार्गांपैकी एक आहे.