कोसोव्हो

आग्नेय युरोपातील भूवेष्टित व अंशतः मान्यताप्राप्त प्रजासत्ताक. क्षेत्रफळ सु. १०,९०० चौ. किमी.; लोकसंख्या सु. १६ लाख (२०२४); राजधानी प्रिस्टिना. सभोवार सर्बिया, उत्तर मॅसिडोनिया, अल्बेनिया व माँटेनेग्रो हे देश. अल्बेनियन व सर्बियन या दोन अधिकृत भाषा असल्याने जवळजवळ प्रत्येक गावाला दोन नावे आहेत. अल्बेनियन ‘पेया’ आणि सर्बियन ‘पेच’ हे एकच शहर. बहुसंख्य लोक अल्बेनियन वंशाचे व मुस्लिम असून सर्ब वस्ती मुख्यतः इबार नदीच्या उत्तरेस आणि दक्षिणेत विखुरलेली आहे.

भूरचना डोंगरांनी वेढलेल्या खोलगट मैदानांची. फेरिझायजवळ नेरोदिम्का नदीला दोन फाटे फुटतात : एकाचे पाणी डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला आणि दुसऱ्याचे वारदार नदीतून एजियन समुद्राला मिळते. समुद्रकिनारा नसलेल्या प्रदेशातील ही छोटी नदी अशी दोन समुद्रांना पाणी देते.

युगोस्लाव्हियात हा सर्बियाचा स्वायत्त प्रांत होता. १९८९ मध्ये स्वायत्ततेला कात्री लागली, १९९८-९९ मध्ये युद्ध झाले आणि नाटोने युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बाँबवर्षाव केला. १० जून १९९९ च्या सुरक्षा परिषदेच्या ठराव क्र. १२४४ नुसार प्रशासन संयुक्त राष्ट्रांकडे गेले. १७ फेब्रुवारी २००८ रोजी स्वातंत्र्याची घोषणा झाली. ती आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करत नाही, असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१० मध्ये दिले. या मताचा आधार नेहमी गरजेपेक्षा जास्त ताणला जातो : कोसोव्हो राष्ट्र आहे की नाही, या प्रश्नाला न्यायालयाने हातच घातला नव्हता.

युरोपीय संघाच्या २७ पैकी २२ सदस्यांनी कोसोव्होला मान्यता दिली आहे. स्पेन, ग्रीस, रुमानिया, स्लोव्हाकिया व सायप्रस यांनी दिलेली नाही. सर्बिया, रशिया, चीन व भारत यांचीही मान्यता नाही. २०१८ मध्ये दिल्लीतील महिलांच्या जागतिक बॉक्सिंग स्पर्धेसाठी कोसोव्होच्या खेळाडूला भारताचा व्हिसा मिळाला नाही, तो याच कारणाने. त्याआधी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायलिंदा केल्मेंदी हिने ज्युदोत देशाचे पहिले सुवर्णपदक जिंकले होते.

अर्धवट मान्यतेची खरी अडचण रोजच्या व्यवहारात कळते. चलन युरो, पण तो छापण्याचा अधिकार नाही. स्वतःचे इंटरनेट डोमेन नाही. ३८३ हा दूरध्वनी संकेतांक मिळेपर्यंत मोबाइल मोनॅको व स्लोव्हेनियाच्या संकेतांकांवर चालत आणि घरचे फोन सर्बियाच्या.

विजेचा घोळ तर युरोपभर पोहोचला. बहुतेक वीज लिग्नाइट कोळशावर तयार होते. उत्तरेकडील सर्ब नगरपालिकांतून युद्धानंतर वीजबिले भरली जात नव्हती. २०१८ च्या आरंभी कोसोव्होत मागणी निर्मितीपेक्षा वाढली. ही तूट भरून काढणे सर्बियाकडे होते, ते झाले नाही. सुमारे ११.३ कोटी युनिटांची तूट पडून युरोपातील देशांना जोडणाऱ्या सामायिक वीजजाळ्याची सरासरी वारंवारता (प्रवाहाची दर सेकंदाची आवर्तने) ५० हर्ट्झवरून ४९.९९६ वर आली. फरक नगण्य वाटतो. पण ओव्हन व गजराच्या रेडिओतील घड्याळे विजेची आवर्तने मोजून चालत असल्याने मार्चच्या सुरुवातीपर्यंत ती सहा मिनिटे मागे पडली. सेलवरची घड्याळे बरोबर राहिली.

प्रवाशांची चूक बहुधा सर्बियाच्या सीमेवर होते. अल्बेनिया किंवा उत्तर मॅसिडोनियातून कोसोव्होत शिरून पुढे सर्बियात जाऊ पाहणाऱ्या परदेशी प्रवाशाला परत पाठवले जाऊ शकते : सर्बियाच्या लेखी तो सर्बियातच, पण प्रवेशाच्या शिक्क्याविना आलेला असतो. म्हणून सर्बियातून आत येऊन सर्बियातच परतावे किंवा आधी तिसऱ्या देशात जाऊन मग सर्बिया गाठावा. प्रिस्टिनात भारताचा दूतावास नाही, हेही निघण्यापूर्वी लक्षात घ्यावे.