काट्याचं पंक्चर आणि चिमटून झालेलं पंक्चर

कुणाचीही सायकल पंक्चर झाली की सल्ला ठरलेला: ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव टाक, नाहीतर टायरच्या आतून लायनरची, म्हणजे काटा अडवणारी पट्टी लाव. अरे, पण पंक्चर कशाने झालंय ते आधी बघाल की नाही? काट्याने झालेलं वेगळं आणि ट्यूब चिमटून झालेलं वेगळं.

काट्याचं सगळ्यांना ठाऊक आहे. बाभळीचा काटा, सराटा, काच, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली बारीक तार. ट्यूबला बहुतेक एकच भोक, तेही रस्त्याच्या बाजूला. लायनर, सीलंट, जाड टायर, सगळं इथे उपयोगी पडतं. मला विचाराल तर सरळ जाड टायर घ्या. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस टायरमध्ये 5 मिमीपर्यंत जाड रबरी थर असतो. टायर जड आहे, महाग आहे, पण सराट्याची डाळ शिजत नाही. जुना टायर कापून आत घालायची युक्ती मात्र सोडा, त्याची कड घासून घासून ट्यूबलाच भोक पाडते.

खरा घोळ दुसऱ्या प्रकारात होतो. हवा कमी असलेलं चाक खड्ड्याच्या धारेवर आदळलं की टायर पार रिमपर्यंत दबतो आणि ट्यूब मध्ये सापडते. नीट बघितलं तर ट्यूबवर शेजारी शेजारी दोन बारीक चिरा दिसतात, साप चावल्यासारख्या. बहुधा मागच्या चाकाला, कारण वजन तिकडे जास्त. आता टायरमध्ये कितीही बोटं फिरवा, काटा सापडायचा नाही. तरी लोक म्हणतात, ‘पडला असेल कुठेतरी,’ आणि जाऊन लायनर आणतात! बाहेरून काही घुसलंच नव्हतं, तर लायनर अडवणार काय? सीलंटचंही तेच. टोचल्याचं बारीक भोक ते बुजवतं. चिरा पडल्या की बहुतेक वेळा नुसतंच बाहेर येऊन टायर चिकट करतं.

इथे औषध एकच, पुरेशी हवा. किती, ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं. वजन जास्त असेल, मागे कॅरिअरवर सामान असेल, तर त्या मर्यादेतच थोडी वाढवा. आणि कृपा करून अंगठ्याने दाबून ‘टाइट आहे’ म्हणू नका. 40 आणि 60 पीएसआयमधला (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) फरक अंगठ्याला कळत नाही. दाब दाखवणारा, गेजवाला पंप घ्या. पंक्चर नसलं तरी ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपतेच, तेव्हा आठवड्यातून एकदा तरी बघा, टायर अरुंद असेल तर त्याहून लवकर. खड्डा चुकवता येत नसेल तर वेग कमी करा आणि सीटवरून थोडं उठा.

दुकानात आणखी एक गंमत होते. ट्यूब पाण्यात धरली, पहिला बुडबुडा दिसला, की लगेच खूण करून घासायला सुरुवात. दुसरी चीर तशीच राहते आणि सकाळी चाक पुन्हा बसलेलं. पहिलं भोक बोटाने दाबून ट्यूब पूर्ण फिरवायला सांगा.

भोक रिमच्या बाजूला निघालं तर मात्र यातलं काहीच लागू नाही. रिमटेप, म्हणजे स्पोकची टोकं झाकणारी रिमवरची पट्टी, सरकली असणार किंवा स्पोकचं टोक वर आलं असणार. टेप बदला, फार मोठं काम नाही.