विनी ही जिवंत अस्वलाची मादी, पू हे खेळणं: खरं मूळ कोणाचं?

लहान मुलांच्या इंग्रजी पुस्तकातलं ‘विनी-द-पू’ हे अस्वल कुठून आलं, असं विचारलं की सहसा एकच गोष्ट सांगितली जाते: पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या एका सैनिकाने पिल्लू पाळलं, ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेलं आणि त्याच्यावर पुस्तक निघालं. ही गोष्ट अर्धीच आहे. पूमध्ये दोन अस्वलं मिसळली आहेत, एक हाडामांसाचं आणि एक कापडाचं. कोणाकडून काय आलं हे नीट वेगळं करता येतं.

विनी ही उत्तर अमेरिकेतल्या काळ्या अस्वलाची मादी. हॅरी कोलबर्न हा लष्करी पशुवैद्य आगगाडीने छावणीकडे निघाला होता. 24 ऑगस्ट 1914 रोजी ऑन्टॅरिओतल्या व्हाइट रिव्हर स्टेशनवर त्याने हे पिल्लू 20 डॉलरना विकत घेतलं. पिल्लाची आई शिकाऱ्याने मारली होती. कोलबर्न विनिपेगचा रहिवासी, म्हणून पिल्लाचं नाव विनिपेग आणि लाडाने विनी. पथकाबरोबर ती इंग्लंडमध्ये सॅलिसबरीच्या मैदानावरच्या छावणीत पोचली, पण फ्रान्सच्या आघाडीवर अस्वल नेणं शक्यच नव्हतं. 9 डिसेंबर 1914 ला कोलबर्नने तिला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सांभाळायला ठेवलं. युद्ध संपल्यावर तिला कॅनडाला परत न्यायचा त्याचा बेत होता. तोवर ती तिथे रुळली होती, मुलांची लाडकी झाली होती, म्हणून 1919 मध्ये त्याने ती कायमची देऊन टाकली. माणसात वाढल्यामुळे ती इतकी शांत होती की मुलांना तिच्याजवळ जाऊ देत. 12 मे 1934 ला ती मेली. तिची कवटी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहात आहे आणि म्हातारपणी तिचे बरेच दात गेलेले होते हे त्या कवटीवरून कळतं.

दुसरं अस्वल लंडनच्या हॅरॉड्स या दुकानातून आलं. फार्नेल कंपनीचं हे टेडी 1921 मध्ये पूच्या गोष्टींचे लेखक ए. ए. मिल्न यांच्या मुलाला, ख्रिस्तोफर रॉबिन मिल्नला, पहिल्या वाढदिवसाला मिळालं. त्याचं पहिलं नाव एडवर्ड. पुढे प्राणिसंग्रहालयातल्या विनीवर मुलाचा जीव जडला आणि तिचं नाव खेळण्याला मिळालं. ‘पू’ हे मात्र एका हंसाचं नाव होतं, त्याचा विनीशी काहीच संबंध नाही.

म्हणजे जिवंत विनीने दिलं ते नाव. स्वभाव, घर, सोबती हे सगळं खेळण्याच्या बाजूचं. पिगलेट, ईयोर, कांगा, टिगर ही त्याच मुलाची खेळणी. आऊल आणि रॅबिट तेवढे मिल्न यांनी नव्याने घडवले. गोष्टींतलं रान म्हणजे इंग्लंडमधलं ॲशडाउन फॉरेस्ट. मिल्न कुटुंबाने 1925 मध्ये त्याच्याजवळ घर घेतलं होतं. म्हणून पूला ‘कॅनडाचं अस्वल’ म्हणणं मला पटत नाही. विनी मादी आणि पू ‘तो’ कसा, हा गोंधळही इथेच सुटतो: पुस्तकात वावरतं ते खेळणं.

चित्रांनी आणखी एक घोळ केला आहे. खेळण्याचा फोटो आणि पुस्तकातलं चित्र शेजारी ठेवून पाहा. खेळण्याचे हातपाय लांब, अंग सडपातळ. चित्रातला पू गुबगुबीत. कारण चित्रकार ई. एच. शेपर्ड यांनी समोर ठेवलं ते त्यांच्या स्वतःच्या मुलाचं ग्राउलर नावाचं टेडी. पुस्तक 14 ऑक्टोबर 1926 ला निघालं ते याच चित्रांसह. लाल शर्ट नंतरचा, 1930 च्या दशकात अमेरिकेत पूच्या वस्तू विकायला लागल्यावर अंगावर चढलेला.

‘मूळ पू’ पाहायला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेलात तर विनीचा पुतळा भेटेल. ख्रिस्तोफरचं टेडी न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहे, पिगलेट, ईयोर, कांगा आणि टिगरसह. कांगाचं पिल्लू, छोटा रू, तिथे नाही, कारण ते खेळणं फार पूर्वी सफरचंदाच्या बागेत हरवलं.