घरच्यांच्या बोटांनी केलेली तपासणी

पावसाळ्यात कोकणातल्या पाखाड्यांवर, म्हणजे दगडी पायवाटांवर, शेवाळ धरते. पाय निसटला की माणूस स्वतःला सावरण्यासाठी नकळत तळहात पुढे करतो आणि शरीराचा सगळा भार मनगटावर येतो. अशा पडण्यात मनगटातल्या स्कॅफॉइड या हाडाला तडा जाऊ शकतो. या नावाचा मूळ ग्रीक अर्थ होडीसारखे असा असला, तरी आकाराने ते आपल्या काजूगराच्या जवळचे आहे. त्याचा तडा पहिल्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही. म्हणून डॉक्टर रुग्णाला अंगठा ताठ उभा करायला सांगतात आणि त्याच्या मुळाशी ताणलेल्या दोन कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) मध्ये जो खळगा पडतो, त्यात बोट दाबतात. तिथे दुखले, तर एक्स-रे निर्दोष असूनही हाताला आधार देऊन दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासणी करतात. इतकी काळजी घेण्याचे कारण असे की, या हाडाला मुख्य रक्तपुरवठा बोटांकडच्या बाजूने होतो. तडा लक्षात आला नाही तर कोपराकडचा तुकडा रक्ताविना मरू शकतो आणि मनगट कायमचे दुखते राहते.

एका बोटाच्या दाबावर एवढे अवलंबून असणाऱ्या अस्थिरोगाच्या शाखेला दूरवैद्यक, म्हणजे टेलिमेडिसिन, स्वीकारणे अवघड जावे, हे स्वाभाविकच होते. त्वचारोगाचे बरेचसे निदान चांगल्या छायाचित्रावरून होऊ शकते आणि मनोविकारतज्ज्ञाचे काम मुख्यतः संवादातून चालते. अस्थिरोगतज्ज्ञ मात्र पाहणे, हाताने चाचपणे आणि सांधा हलवून बघणे या तीन पायऱ्यांनी तपासतो, आणि पडद्यावरून त्यांपैकी पहिलीच पूर्णपणे त्याच्या हाती राहते.

मार्च २०२० मध्ये निवडीला वाव उरला नाही. २५ मार्चला देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि त्याच दिवशी केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांमुळे नोंदणीकृत डॉक्टरांना व्हिडिओ, फोन किंवा लिखित संदेशाद्वारे सल्ला देण्याची स्पष्ट चौकट मिळाली. काही औषधांसाठी पहिली भेट व्हिडिओवरच व्हावी असे बंधन आले आणि मॉर्फिनसारखी औषधे दुरून लिहून देण्यास मनाई झाली. एप्रिलमध्ये ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेची रुग्णांसाठी थेट बाह्यरुग्ण सेवाही सुरू झाली. दुसरीकडे, तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया जगभर पुढे ढकलल्या जात होत्या. साथीच्या पहिल्या लाटेतील बारा आठवड्यांत अशा सुमारे २ कोटी ८४ लाख शस्त्रक्रिया रद्द किंवा लांबणीवर पडतील, असा अंदाज एका आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने मांडला होता. सिंधुदुर्गातल्या रुग्णाला मोठ्या उपचारासाठी एरवी गोव्यातले बांबोळी किंवा कोल्हापूर गाठायची सवय. आता एकीकडे राज्याची हद्द बंद होती आणि दुसरीकडे घाट चढायलाही परवाना लागत होता.

अशा वेळी डॉक्टरांच्या हातांची उणीव घरातल्या माणसाने भरून काढायची असते, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. मनगटाच्या खळग्यात रुग्ण दुसऱ्या हाताच्या बोटाने स्वतःच दाबू शकतो. पाय मुरगळला असेल, तर कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये मांडलेले घोट्याचे नियम कामी येतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, हाडावर दाबून दुखते का आणि रुग्ण चार पावले टाकू शकतो का, एवढे मुख्यतः पाहायचे. घोट्याच्या दुखापतीत प्रौढ माणसाला यांपैकी काहीच अडचण नसेल, तर हाड मोडलेले असण्याची शक्यता फार कमी असते. अनावश्यक एक्स-रे टाळण्यासाठी बनवलेले हे नियम, तालुक्याच्या गावी कोणी जावे आणि कोणी घरीच पाय उंच ठेवून बसावे, हे ठरवण्यासाठीही तितकेच उपयोगी आहेत.

कंबरेच्या दुखण्यात तर पडदा अपेक्षेपेक्षा बरेच सांगतो. रुग्णाला आधी टाचांवर आणि मग चवड्यांवर चालायला लावले, की कंबरेतून पायात उतरणाऱ्या दोन महत्त्वाच्या नसांचे बळ दिसते. घरच्या माणसाने रुग्णाचा पाय गुडघ्यात न वाकवता हळूहळू उचलला आणि साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान कळ गुडघ्याखाली गेली, तर नस दबल्याचा संशय बळावतो.

मात्र कॅमेरा कुठे धरला आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. अर्धवट उघडलेले दार समोरून पाहिले तर ते नेमके किती उघडले आहे हे कळत नाही. वरून पाहिले तर लगेच कळते. गुडघ्याचेही तसेच आहे. तो किती वाकतो हे मोजायचे, तर मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर आणि बरोबर बाजूने धरायला हवा. खिडकीच्या उजेडात फिल्म धरून काढलेल्या एक्स-रेच्या छायाचित्रात सरकलेले हाड ओळखू येते, परंतु ते छायाचित्र संदेशातून जाताना आणखी दाबले जाते आणि केसाएवढी चीर त्यात हरवू शकते.

काही प्रसंगी पडद्यासमोर वेळ घालवूच नये. प्लास्टर घातल्यानंतर औषधाने न थांबणारी, बोटे ताणली की वाढणारी वेदना. मांड्यांच्या मधल्या जागेची गेलेली संवेदना आणि अडलेली लघवी. हाडाजवळची उघडी जखम. तापासोबत सुजलेला, लहान मुलाला हलवता न येणारा सांधा. यांत तासांचा हिशेब असतो आणि रुग्णालयच गाठावे लागते. तान्ह्या बाळाच्या जन्मतः वाकड्या पावलाला दर आठवड्याला थोडे थोडे वळवून नवे प्लास्टर घालायचे कामही हातांशिवाय होत नाही.

उरतो प्रश्न रेंजचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आले आणि रायगडसह दापोली, मंडणगडमधले विजेचे खांब व मोबाइलचे मनोरे कोसळले. साथ चालूच होती, फोन मात्र बंद पडले. वादळ नसतानाही अनेक वाड्यांत सिग्नल घरात येत नाही. त्यासाठी सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळपठारावर, चढून जावे लागते, आणि पाय मोडलेला माणूस सडा चढू शकत नाही. अशा घरांसाठी थेट व्हिडिओपेक्षा साधी पद्धत जास्त चालण्याजोगी आहे: घरातल्या कोणीतरी प्लास्टरबाहेर दिसणाऱ्या बोटांचे छायाचित्र काढावे, नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी रंग परत येतो का हे पाहून लिहावे, मग सड्यावर जाऊन दोन्ही पाठवावे आणि डॉक्टरांचे उत्तर येईपर्यंत तिथेच थांबावे.