धोरण बदललं की अंदाज बदलला? तिमाही एकत्रित निकाल वाचताना

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडे शेअर बाजारात पैसे घालणारी माणसं आता गल्लोगल्ली आहेत. तिमाही निकाल आला की मोबाईलवर दोन आकडे बघितले जातात, विक्री किती झाली आणि नफा किती वाढला. त्याखालच्या बारीक अक्षरातल्या टिपांकडे फारसं कुणी वळत नाही. त्या टिपांत दोन गोष्टी येतात आणि जाणकार वाचकसुद्धा त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे अकाउंटिंग पॉलिसी, अर्थात लेखा धोरण बदलणं. दुसरी म्हणजे अकाउंटिंग एस्टिमेट, अर्थात लेखा अंदाज बदलणं. दोन्हींमुळे नफा हलतो आणि दोन्ही नियमात बसतात. पण धोरण बदललं तर मागचे आकडेही नव्याने मांडावे लागतात, अंदाज बदलला तर मागच्या आकड्यांना हात लागत नाही. नफा धंद्यातून वाढला की हिशेबातून, हे ओळखायचं तर या फरकापासूनच सुरुवात करावी लागते.

गोदामातली साखर घ्या. कंपनीकडे १,००० क्विंटल जुनी साखर आहे, उत्पादन खर्च क्विंटलला ३,४०० रुपये. नवी १,००० क्विंटल आली, तिचा खर्च ३,६०० रुपये. त्यातली १,००० क्विंटल विकली. आधी आलेला माल आधी गेला असं धरलं, तर विकलेल्या मालाचा खर्च ३४ लाख. सरासरी काढली तर ३५ लाख. साखर तीच, गिऱ्हाईक तेच, भावही तोच, तरी नफ्यात एक लाखाचा फरक. यातली कोणती रीत धरायची हे कंपनी ठरवते आणि वर्षानुवर्षं पाळते. हे झालं धोरण.

आता उरलेली साखर बघा. तिचा खर्च ३,६०० रुपये धरलाय, पण बाजार पडला आणि विक्रीचा खर्च वजा जाता हातात ३,४५० रुपयेच येतील असं दिसतंय. मग साठ्याची किंमत क्विंटलमागे दीडशे रुपयांनी उतरवावी लागते, म्हणजे १,००० क्विंटलवर दीड लाखाचा फटका. खर्च आणि हातात येणारी रक्कम यांतली कमी असेल ती धरायची, हे धोरण. ती रक्कम ३,४५० असेल की ३,५००, हा अंदाज. दोन्ही गोष्टी एकाच साठ्यावर, एकाच ओळीत बसलेल्या असतात, म्हणून तर गोंधळ होतो.

यासाठीचे नियम इंड एएस ८, म्हणजे भारतीय लेखा मानक क्रमांक ८, यात आहेत. धोरण मनाला येईल तेव्हा बदलता येत नाही. एखाद्या मानकानेच बदल सांगितला असेल, किंवा नव्या धोरणामुळे माहिती अधिक विश्वासार्ह आणि उपयुक्त होत असेल, तरच. बदललं की ते पहिल्यापासून तसंच होतं असं समजून मागच्या वर्षाचे आकडे पुन्हा मांडायचे आणि त्याआधीचा फरक सुरुवातीच्या शिलकी नफ्यात, म्हणजे मागून साठत आलेल्या नफ्यात, टाकायचा. अंदाजाचं उलट आहे. नवी माहिती हाती आली, अनुभव वाढला की तो बदलणं अपेक्षितच असतं आणि त्याचा परिणाम आजपासून पुढे धरायचा. १ एप्रिल २०२३ पासून या मानकात लेखा अंदाजाची व्याख्याही आली: ज्या रकमेच्या मोजणीत अनिश्चितता असते ती रक्कम. नेमकं धोरण बदललं की अंदाज हे ठरवणं अवघड झालं, तर तो अंदाजातला बदल समजावा असंही मानक सांगतं.

माझ्या मते लहान गुंतवणूकदाराने जास्त लक्ष अंदाजाकडे द्यायला हवं. धोरण बदललं की मागचा रकानाही बदलतो, त्यामुळे तुलना शाबूत राहते. अंदाज बदलला की मागचा रकाना जुन्या हिशेबावर आणि आजचा नव्या हिशेबावर उभा असतो, तरी दोन्ही शेजारी शेजारी छापले जातात.

समजा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीची कंपनी शेअर बाजारात आहे. तिने १२ कोटींची यंत्रसामग्री घेतली आणि आयुष्य १५ वर्षं धरलं. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्वसाधारण यंत्रांना एवढंच आयुष्य दिलंय. भंगाराची किंमत सोडून देऊ. वर्षाचा घसारा, म्हणजे यंत्राच्या किमतीतला त्या वर्षाच्या खर्चात धरायचा वाटा, ८० लाख, तिमाहीचा २० लाख. पाच वर्षांत चार कोटी घसारा गेला, पुस्तकात आठ कोटी उरले. आता कंपनी म्हणते, देखभाल चांगली आहे, तांत्रिक तपासणी झाली, यंत्रं अजून दहा नव्हे तर सोळा वर्षं चालतील. आठ कोटी भागिले सोळा, म्हणजे वर्षाला ५० लाख, तिमाहीला साडेबारा लाख. करापूर्वीचा नफा तिमाहीला साडेसात लाखांनी वाढला. एकही कास्टिंग जास्त निघालेलं नाही, वीजबिल कमी झालेलं नाही, गिऱ्हाइकाने दर वाढवून दिलेला नाही. मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीत मात्र २० लाखच दिसणार. तपासणी खरी असेल तर यात गैर काहीच नाही, पण टीप न वाचणाऱ्याला ही धंद्याची भरभराट वाटते.

इथे एक जुनी सवय अडचण करते. घसाऱ्याची पद्धत, म्हणजे दरवर्षी समान रकमेची की घटत्या शिलकीवरची, हा बदल पूर्वीच्या लेखा मानकांत धोरणबदल मानला जायचा आणि मागचा सगळा घसारा पुन्हा काढावा लागायचा. इंड एएसमध्ये तो अंदाजातला बदल आहे. यंत्राचा उपयोग कसा होतो याचा अंदाज बदलला, म्हणून पद्धत बदलली, असा त्यामागचा विचार. जुन्या अभ्यासक्रमावर वाणिज्य शिकलेल्यांच्या डोक्यात अजून आधीचाच नियम घट्ट बसलेला असतो.

तिमाही निकालाला याच्या जोडीने इंड एएस ३४ लागतं. वार्षिक हिशेबाला जी धोरणं तीच तिमाहीला, हा त्याचा गाभा. वर्षातून एकदा हिशेब दिला काय आणि चार वेळा दिला काय, वर्षाचं उत्तर एकच यायला हवं. म्हणून कंपनीने डिसेंबर तिमाहीत साठ्याच्या मोजणीचं धोरण बदललं, तर जून आणि सप्टेंबरचे आकडेही नव्या धोरणाने मांडावे लागतात. एका आर्थिक वर्षात दोन धोरणं चालत नाहीत. अंदाज डिसेंबरमध्ये बदलला तर जून-सप्टेंबर आहे तसेच राहतात. परिणाम मोठा असेल तर बदलाचं स्वरूप आणि रक्कम टिपेत सांगावी लागते, एवढंच.

तिमाहीत अंदाज जास्तच लागतात, हे मानकही मान्य करतं. आयकराचंच घ्या. वर्ष संपलेलं नसतं, म्हणून पूर्ण वर्षाचा सरासरी दर किती पडेल याचा अंदाज बांधून तो तिमाहीच्या नफ्याला लावतात. साखर कंपन्यांत तर उसाची किंमतच अनेकदा अंदाजावर चालते. केंद्राने २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यावर क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, ठरवली, पण शेतकऱ्याच्या हातात किती पडणार हे कुठे तेवढ्यावर ठरतं? नोव्हेंबर २०२५ मध्ये गुर्लापूर क्रॉसवर ऊसदरासाठी झालेलं आंदोलन आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. तिमाही संपते तेव्हा ऊस गाळून झालेला असतो आणि अंतिम दर ठरायचा असतो, तेव्हा कंपनी देण्याची तरतूद अंदाजाने करते. पुढे दर वाढला तर जादा रक्कम तो ठरला त्या तिमाहीत पडते. मागची तिमाही उकरत नाहीत आणि धोरणही बदललेलं नसतं.

हंगामाचा प्रश्न मात्र धोरणाचा आहे. जून आणि सप्टेंबर तिमाहीत बॉयलर थंड असतात, दुरुस्ती-देखभाल चाललेली असते, पगार चालू असतात. हा बिगरहंगामी खर्च पुढच्या गाळपावर ढकलावा असा मोह साहजिक आहे. इंड एएस ३४ म्हणतं, वर्षाअखेरीला जो खर्च पुढे ओढता येणार नाही तो तिमाहीलाही ओढता येणार नाही. पुढे करायच्या दुरुस्तीचा खर्चही नुसता ठरलाय म्हणून आधीच धरता येत नाही. हंगामी उत्पन्नाचंही तसंच, ते आगाऊ धरायचं नाही आणि मागेही ठेवायचं नाही. म्हणून अशा कंपनीची सप्टेंबर तिमाही जूनशी नव्हे, मागच्या सप्टेंबरशी ताडावी. हंगामी धंद्याने गेल्या बारा महिन्यांचे आकडेही द्यावेत, असं हे मानक सुचवतं. सगळ्याच साखर कंपन्यांनी ते द्यावेत, असं मला मनापासून वाटतं.

आता एकत्रित निकालाकडे. मूळ कंपनी आणि उपकंपन्या मिळून एकच संस्था आहे असं समजून हा हिशेब मांडतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला उपकंपन्या असतील, तर १ एप्रिल २०१९ पासून सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, तो दर तिमाहीला सक्तीचा केला आहे. इथे धोरण आणि अंदाज यांच्या वाटा स्पष्ट वेगळ्या होतात. इंड एएस ११० प्रमाणे सारख्या व्यवहारांना सगळ्या गटात एकच धोरण लागतं. आपल्या फौंड्रीची कोल्हापूरजवळच्या शिरोलीत मशीनिंग करणारी उपकंपनी आहे, ती तशाच साठ्याला सरासरी लावते आणि मूळ कंपनी आधी-आलेला-आधी-गेला ही रीत धरते, असं समजू. तर एकत्रीकरणापूर्वी शिरोलीचे आकडे मूळ कंपनीच्या रीतीत आणावे लागतील. पण शिरोलीची यंत्रं तीन पाळ्यांत राबतात म्हणून त्यांचं आयुष्य दहा वर्षं धरलं आणि उद्यमबागेत पंधरा, तर ते समान करायची गरज नाही. परिस्थिती वेगळी, म्हणून अंदाज वेगळा.

याचं मोठं उदाहरण बेळगावच्या वेशीवरच आहे. यमनापूरला ज्या हिंडाल्कोचा अल्युमिना कारखाना आहे, तिने २००७ मध्ये नोव्हेलिस ही विदेशी कंपनी घेतली. नोव्हेलिस स्वतःचे निकाल अमेरिकी लेखा नियमांनी जाहीर करते, हिंडाल्कोच्या एकत्रित निकालात मात्र तिचे आकडे इंड एएसमध्ये आणावे लागतात. त्यामुळे नोव्हेलिसच्या पत्रकातला नफा आणि हिंडाल्कोच्या निकालात तिचा म्हणून धरलेला नफा जुळला नाही, तर लगेच संशय घेऊ नये.

चुकीची दुरुस्ती ही तिसरी गोष्ट, तीही यांच्यात मिसळली जाते. मागे हिशेबात चूक झाली होती असं आढळलं, तर आकडे धोरणबदलासारखेच मागे जाऊन दुरुस्त करतात. फरक असा की चूक त्या वेळीच टाळता आली असती. अंदाज नंतर चुकीचा ठरला म्हणून तो चूक होत नाही, त्या वेळी हाती असलेल्या माहितीवर तो प्रामाणिक असला म्हणजे पुरे. कंपनी कायद्याचं कलम १३४ संचालकांकडून नेमकं हेच लिहून घेतं: धोरणं सातत्याने पाळली, आणि अंदाज वाजवी व सावधपणे केले.

मार्च तिमाहीला एक जादा काळजी घ्यावी. तिचे आकडे सहसा वजाबाकीतून येतात, लेखापरीक्षण झालेल्या पूर्ण वर्षातून आधीचे नऊ महिने वजा करून. पहिल्या तीन तिमाहींची ऑडिटरने फक्त मर्यादित तपासणी केलेली असते, पूर्ण ऑडिट वर्षाअखेरीला होतं. बुडीत उधारी, साठ्याची घट, वॉरंटी, कर यांचे वर्षभराचे अंदाज तेव्हा पक्के होतात आणि सगळा फरक या एका रकान्यात येऊन पडतो. म्हणून मार्चचा नफा फार वर किंवा फार खाली दिसला, तर आधी मागच्या रकान्यांवर ‘पुनर्मांडणी’ किंवा ‘रिस्टेटेड’ असं लिहिलंय का ते पाहावं. लिहिलं असेल तर धोरण बदललंय किंवा चूक दुरुस्त केली आहे, किंवा गटाची रचनाच बदलली आहे. काहीच लिहिलेलं नसेल तर घसारा, तरतुदी आणि साठा यांच्या टिपा काढाव्यात आणि अंदाज बदलल्यामुळे पडलेला फरक नफ्यातून काढून उरलेला आकडा मागच्या मार्चशी ताडावा.