आयडीएफचा सातबारा, आयडीएक्सचा फेरफार

पीसीबीचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाचा, लेआउट एका सॉफ्टवेअरमध्ये होतो आणि तो बोर्ड ज्या डब्यात बसणार त्याचं डिझाइन दुसऱ्यात. दोघांमधली देवाणघेवाण फाइलींवर चालते. त्यात आयडीएफ आणि आयडीएक्स ही फाइलींच्या स्वरूपांची दोन नावं शेजारीशेजारी दिसली की दुसरी म्हणजे पहिलीचीच सुधारलेली आवृत्ती, असं नव्या माणसाला हमखास वाटतं. तसं नाही. दोन्हींची कामंच वेगळी आहेत.

गावाकडची जमीन ज्यांनी सांभाळली आहे त्यांना हा फरक चटकन कळेल. सातबारा आजची स्थिती सांगतो. काय बदललं, कशामुळे बदललं आणि ते मंजूर झालं का, हे पाहायला फेरफार काढावा लागतो. आयडीएफ हा बोर्डाचा सातबारा आहे आणि आयडीएक्स हा फेरफार.

आयडीएफ 1992 मध्ये आलं. आजही सर्रास चालते ती 3.0 आवृत्ती 1996 ची. सहसा दोन फाइली मिळतात: ईएमएनमध्ये बोर्डाची कड, भोकं आणि कुठला भाग कुठे बसला आहे ते, ईएमपीमध्ये प्रत्येक भागाची बाह्यरेषा आणि उंची. ती बाह्यरेषा सरळ वर ओढली की भाग तयार, त्यामुळे गोलसर तोंडाचा कनेक्टरसुद्धा ठोकळाच दिसतो. (खरा आकार हवा असेल तर स्टेप ही त्रिमितीय मॉडेलची फाइल घ्या, तो विषय निराळा.) मात्र सगळं साध्या मजकुरात असतं, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतं, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. एकक फाइलीच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं, मिलिमीटर किंवा थाऊ (इंचाचा हजारावा भाग). हाताने फाइल दुरुस्त करताना ते चुकलं तर 100 मिमीचा बोर्ड 2.54 मिमीचा होतो.

अडचण दुसऱ्या फेरीत येते. मेकॅनिकलवाल्याने, म्हणजे डब्याचं डिझाइन करणाऱ्याने, स्क्रूचं एक भोक 0.8 मिमी सरकवलं आणि नवी आयडीएफ पाठवली. पुन्हा अख्खा बोर्ड आला. भागांना जे3, यू7 अशी नावं असतात, म्हणून ते ताडून पाहता येतात. पण स्क्रूच्या भोकाला स्वतःचं नावच नसतं. व्यास, जागा, प्रकार आणि मालकी इलेक्ट्रिकलची की मेकॅनिकलची, एवढंच. मग जुनं भोक सरकलं, की ते काढून शेजारी नवं पाडलं? फाइल सांगू शकत नाही. शेवटी फोन करावा लागतो, आणि फोनवर ठरलेलं कुठेच नोंदलं जात नाही.

आयडीएक्स नेमकं याचसाठी बनवलं गेलं. प्रोस्टेप आयव्हीआयपी या जर्मन संस्थेने ठरवलेल्या रचनेवर ते उभं आहे आणि एक्सएमएलमध्ये लिहिलं जातं. त्यात प्रत्येक वस्तूला ओळख क्रमांक असतो, भोकालासुद्धा. पहिल्यांदा संपूर्ण बोर्ड जातो, त्याला बेसलाइन म्हणतात. त्यानंतर फक्त बदल जातात: अमुक क्रमांकाचं भोक इथून तिथे. समोरचा प्रत्येक बदल वेगवेगळा मंजूर किंवा नामंजूर करतो, कारण लिहितो, आणि ते उत्तर परत जातं. भोक सरकल्याने ट्रेस (बोर्डावरची तांब्याची वाट) तुटत असेल, तर लेआउटवाला तेवढाच बदल नाकारून बाकीचे स्वीकारू शकतो. फेरफारावर हरकत घेतात तसंच.

बोर्ड आणि डबा दोन्ही एकाच माणसाच्या हातात असतील तर आयडीएक्सचा खटाटोप मी सुचवणार नाही. केआयकॅडसारख्या लेआउट सॉफ्टवेअरमधून आयडीएफ काढा आणि कामाला लागा. दोन टीम, दोन शहरं आणि आठवड्याला चार बदल असतील तर मात्र आयडीएक्सच घ्या. फक्त बेसलाइन दोन्हीकडे एकच आहे ना, हे पहिल्या दिवशी तपासा. मधेच कुणी सोयीसाठी आयडीएफ आयात करून बोर्ड नव्याने उभा केला, तर जुने ओळख क्रमांक हरवू शकतात, आणि मग पुढचे बदल कुठल्या भोकाला लावायचे हे सॉफ्टवेअरला कळत नाही. असं झालं तर बेसलाइन पुन्हा पाठवायची आणि तिथून नव्याने सुरू करायचं.